नोलीन आत्यानं जहाज बुडवलं

माझ्या नोलीन आत्याच्या बैठकीच्या खोलीत, काचेच्या कपाटात, दारूच्या आठ बाटल्या आहेत. सात रमच्या, एक व्हिस्कीची. एकीचंही बूच निघालेलं नाही. आत्या मेथडिस्ट, म्हणजे दारू वर्ज्य मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाची. जन्मात तिनं कडक चहापलीकडे काही घेतलेलं नाही, आणि चहाही ती असा करते की एकदा प्यायलेला माणूस दुसऱ्यांदा विचारून पितो. दर नाताळात माझे बाबा जेवणाआधी त्या कपाटासमोर जाऊन उभे राहतात.

"नोल, निदान एक तरी. पंचवीस वर्षं होत आली."

"हात लावून बघ, क्लाइव्ह."

बाबा हात लावत नाहीत. कागदाच्या गिरणीत चाळीस माणसांवर ओरडणारा हा गृहस्थ धाकट्या बहिणीपुढे मुकाट्यानं लिंबूपाणी घेतो.

त्या बाटल्या कशाच्या, हे सांगायचं तर जहाज बुडवण्यापासून सुरुवात करावी लागते. देशाकडे तेव्हा विमानवाहू जहाज एकच होतं, आणि ते आमच्या आत्यानं बुडवलं. बोटाएवढ्या हुकानं. बुडालं ते कागदावर, हे मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच माणसं मोजत बसाल. पण बुडालं हे खरं, आणि त्या वेळी आत्या स्वतः त्याच्यावर होती.

हे सगळं एकोणीसशे ऐंशीच्या जुलैतलं. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, त्यामुळे माझ्या आठवणीत घोळ होण्याची भीती नाही. जे ऐकलं ते आत्याकडून, बाबांकडून आणि चीफ गॅरिटीच्या बायकोकडून, म्हणजे डोरीनबाईंकडून. तिघांचं जमतं तेवढंच इथं लिहितोय.

आमच्या नाउरा गावाबाहेर टेकडीवर नौदलाचा विमानतळ आहे. जहाज सिडनीला असलं की त्याची विमानं टेकडीवर राहायची, आणि जहाज निघालं की उडून त्याच्यावर जाऊन बसायची. आत्या नौदलाच्या महिला शाखेत पेटी ऑफिसर, म्हणजे हवालदाराच्या दर्जाची, होती. बायकांनी समुद्रावर जायचं नाही असा तेव्हा नियम. त्यामुळे नौदलात सोळा वर्षं काढून आत्या समुद्रावर गेली ती एकदाच, सव्वासहा तास.

तिचं काम पॅराशूटच्या घड्या घालायचं. लांबच्या लांब टेबल, आरशासारखं घासलेलं. खोलीत अंगठी चालत नाही, वाढलेली नखं चालत नाहीत, तंबाखू तर दाराच्या आतही नाही. छत्रीचा एकेक पट्टा हातानं सपाट करायचा, दोऱ्या नागमोडी बसवायच्या आणि एवढा मोठा तंबू उशीएवढ्या पिशवीत घालायचा. शेवटी झडपेच्या फासातून दोरी ओढून घ्यायची, त्यासाठी तो हूक, प्रत्येक टेबलाला एकसारखे दोन: लाकडी मूठ, वाकवलेलं पोलादी टोक. मग शिसं दाबून मोहर करायची आणि कार्डावर सही. ते कार्ड पिशवीच्या खिशात जायचं, पिशवी विमानाच्या खुर्चीत, आणि खुर्चीत वैमानिक. वैमानिक आत्याला चेहऱ्यानं ओळखत नसत. सही मात्र सगळे ओळखत. 'एन. ट्रँटर', शेवटच्या अक्षराखाली एक रेघ.

या लोकांची एक जुनी पद्धत होती. आकाशातून उडी टाकायची वेळ आली, छत्री उघडली आणि माणूस घरी आला, की कार्डावर ज्याची सही असेल त्याला तो एक बाटली आणून देई. आत्याला कधी बाटली मिळाली नव्हती. तिनं घडी घातलेलं एकही पॅराशूट कधी हवेत उघडायची वेळ आली नव्हती. "तेच बरं," ती म्हणायची.

बाबांना त्या जहाजाचा राग होता. म्हाताऱ्या लोखंडावर सरकार पैसे ओततंय आणि गावच्या इस्पितळात खाटा नाहीत, हा त्यांचा रविवारचा विषय. असंच एकदा भाजलेल्या मटणाच्या जेवणाला ते तापले, तेव्हा आत्यानं त्यांचं ताट पुढ्यातून ओढून घेतलं.

"हे ताट म्हणजे आपला देश. ही मीठदाणी म्हणजे विनाशिका. हिच्या तोफा भारी, हिचं रडार भारी. पण हिला दिसतं किती? या चमच्यापर्यंत. समुद्राला बाक आहे, पुढचं सगळं पाण्याआड जातं. आता किनाऱ्यावरून विमान उडव. किती लांब जाईल?"

"मला माझं ताट दे."

"टेबलाच्या अर्ध्यापर्यंत. मग तेल संपायच्या आत ताटात परत. आणि त्या टोकाला, लोणच्यापाशी, तुझ्या गिरणीचा कागद घेऊन बोट चाललीय. तिला कुणी अडवलं तर तू काय करणार? पत्र लिहिणार?"

मग तिनं ग्रेव्हीचं भांडं उचललं. ते भांडं होतंही नावेच्या आकाराचं. ते तिनं सावकाश टेबलाच्या मध्यापर्यंत नेलं, आणि भोवती मीठदाणी, मिरपूडदाणी, मोहरीची बाटली मांडली.

"आता विमानतळ इथं आहे. उद्या तिथं असेल. दुसऱ्याच्या देशात जागा मागायला नको, कुणाची परवानगी नको. शत्रूला आधी हा सापडायला हवा. आणि याची विमानं वर आहेत तोवर मीठदाणीला सगळं टेबल दिसतं. एक जहाज आलं म्हणून नौदल एका जहाजानं वाढत नाही, क्लाइव्ह. सगळ्यांचे डोळे वाढतात, सगळ्यांचे हात लांब होतात."

"आणि विमानं उडाली नाहीत तर?"

आत्यानं भांड्यावरचा हात काढला. "तर ते ग्रेव्हीचं भांडं आहे. सगळ्यात मोठं, सगळ्यात ढिम्म, आणि बाकीच्यांनी मिळून सांभाळायचं."

"मग थोडी इकडे ओत. मटण गार झालं."

'बाकीच्यांनी मिळून सांभाळायचं' हे वाक्य आत्याच्याच अंगावर येणार होतं, तेही दोन महिन्यांत.

जुलैत मोठा सराव ठरला. तीन देशांची जहाजं, एक लाल बाजू, एक निळी. आपलं जहाज निळ्या बाजूचं मुख्य. जहाज जुनं झालं होतं, नवं घ्यायचं की नाही यावर राजधानीत वाद चालू होता, आणि जुनं काय करून दाखवतं हे बघायला वर्तमानपत्रवाले टपले होते. एका गुरुवारी आत्यानं नऊ पॅराशूटचा शेवटचा हात फिरवला: दोरी ओढणं, मोहर, सही. त्यांतली सात तीनच्या गाडीनं निघाली आणि हेलिकॉप्टरनं जहाजावर पोचली. दोन तळावर राहिली.

साडेचारला हत्यारं फळीवर लावायची वेळ झाली. फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती लाल रंगात काढलेली असते. हत्यार जागेवर नसलं की लाल रंग ओरडतो. आत्याच्या फळीवरच्या दोनांपैकी एक हूक नुसता लाल दिसत होता. खरा नव्हता.

विभागाचा प्रमुख चीफ गॅरिटी. तीस वर्षं नोकरी, दातात विझलेला पाइप आणि मे ते सप्टेंबर, म्हणजे आमचा सगळा हिवाळा, अंगावर एकच जाड लोकरी डफलकोट. तो नुकताच ओसरीतून आत आला होता.

"चीफ, एक हूक नाही."

"नाही म्हणजे?"

"फळीवर नाही, टेबलावर नाही, खाली नाही."

गॅरिटीनं वही ओढली. प्रत्येक पॅराशूटनंतर हत्यारं मोजायची आणि वहीत टिक करायची, असा शिरस्ता. "नऊ टिका आहेत तुझ्या. नऊ वेळा मोजलंस. मग हूक छत्रीत जाईलच कसा?"

"टिका केल्यात."

"मग?"

"एकदाही मोजल्याचं आठवत नाही. नुसती हातानं टिक केली, चीफ. मन जागेवर नव्हतं."

"कुठं फिरायला गेलं होतं?"

"सकाळी भावाचा फोन आला. लग्न ठरलं त्याचं."

"कुणाशी?"

"याचा हुकाशी काही संबंध आहे का?"

"नाही," गॅरिटी म्हणाला. "मी आपलं विचारलं."

(संबंध होता. लग्न माझ्या आईशी ठरलं होतं. म्हणजे देशाचं जहाज बुडण्यात माझाही खारीचा वाटा आहे, असं बाबा मला लहानपणापासून ऐकवतात.)

खोली उलटीपालटी झाली. केराची टोपली, चहाची किटली, शिलाईयंत्राचा खण. सगळ्यांनी खिसे उलटे करून दाखवले. गॅरिटीनंही दाखवले, कोटाच्या खिशातून तंबाखूची भुकटी पडली आणि त्यानंच सगळ्यांना फरशी झाडायला लावली. तळावरची दोन पॅराशूट उकलली. काही नाही. उरली सात, आणि ती समुद्रावर.

इथं आत्याला गप्प बसता आलं असतं. वहीत नऊ टिका होत्या. हूक कुठंतरी पडला म्हणून नवा मागवता आला असता. पण घडीत अडकलेला हूक काय करतो हे तिला ठाऊक होतं. छत्री अर्धी उघडते आणि अर्ध्यावर गुंडाळते, आणि खाली येणाऱ्या माणसाकडे तक्रार करायला काही सेकंद असतात.

"कळवा, चीफ," ती म्हणाली.

"तुझी सही जाईल. चौकशी होईल."

"कळवा."

"एका हुकासाठी माझ्या विभागाचं नाक कापलंस, ट्रँटर," गॅरिटी म्हणाला, आणि त्यानं फोन उचलला. उचलायला चार सेकंद लावले, असं आत्या म्हणते. डोरीनबाई म्हणतात दोन.

पंधरा मिनिटांत जहाजावरचं उड्डाण थांबलं. सात विमानं, सात वैमानिक, जागच्या जागी. त्या विभागाचा दुसरा शिरस्ता असा, की ज्याची सही त्यानंच उकलायचं. दुसऱ्याच्या हाताला घडीतली चूक दिसत नाही. पण आत्या बाई. तळावर बरीच फोनाफोनी झाली. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं की बाईनं जहाजावर रात्र काढायची नाही असं नियमात आहे, दिवसाबद्दल काही लिहिलेलं नाही. शुक्रवारी सकाळी साडेसातला आत्या हेलिकॉप्टरमध्ये बसली. मांडीवर हत्यारफळी, एका हुकाची जागा रिकामी.

जहाज पहिल्यांदा वरून कसं दिसलं, हे मी तिला कितीदा तरी विचारलं आहे. "लहान," ती म्हणते. "एवढ्या समुद्रात एवढंसं. यावर विमान उतरवतात? मला वाटलं, या पोरांची डोकी फिरली असणार." आणि मग: "मी त्यांना कधी भेटलेही नव्हते रे. नुसत्या घड्या घालत होते."

तिला दिसलं ते आणखी एक. बरोबरच्या विनाशिका लांबवर पसरलेल्या असायला हव्या होत्या. त्या सगळ्या जहाजाला खेटून चालल्या होत्या. वरचे डोळे मिटले होते ना. कोण कुठून येतंय हे कुणालाच दिसत नव्हतं. मीठदाणी, मिरपूडदाणी, मोहरीची बाटली, भांड्याला चिकटून. आत्याला रविवारचं जेवण आठवलं.

विमानं ठेवायच्या खालच्या मजल्यावर तिच्यासाठी टेबल मांडलं होतं. सातही वैमानिक आपापल्या पिशवीमागे हात बांधून उभे. त्यांतला लेफ्टनंट हॅलोरन सर्वांत तरुण, लाल केसांचा, तोंड बंद न ठेवू शकणारा.

"तुम्हीच एन. ट्रँटर?"

"हो, सर."

"आम्हाला वाटायचं नॉर्मन असेल. मिशीवाला."

"मिशी घरी ठेवून आले, सर."

आत्यानं पहिली मोहर तोडली. एकेक पट्टा, एकेक दोरी, बोटांनी चाचपत. पहिल्यात काही नाही. दुसऱ्यात नाही. सगळ्या मजल्यावर कापडाची सळसळ तेवढी. तिसरं उकलत असताना, सव्वादहाच्या सुमाराला, भोंगा खरखरला.

"सर्वांना सूचना. न्यूझीलंडच्या फ्रिगेटनं धुक्याआडून येऊन आपल्यावर क्षेपणास्त्रं सोडली आहेत. पंचांच्या मते आपण बुडालो आहोत. चहा नेहमीच्या वेळी मिळेल."

कुणी हसलं नाही. म्हणजे हॅलोरन हसला, पण बाकीच्यांनी बघितल्यावर थांबला. न्यूझीलंडनं बुडवणं म्हणजे आपल्याकडे काय, हे सांगायला नको. रग्बीत हरलेलं परवडतं.

"वर एक विमान असतं तर दोनशे मैलांवरच दिसली असती ती," एकजण पुटपुटला. आत्याकडे न बघता. तेच जास्त लागलं तिला.

"माझ्यामुळे," आत्या म्हणाली.

"उकला तुम्ही," हॅलोरन म्हणाला. "बुडालेल्याला घाई नसते."

चौथं त्याचं होतं. तो वाकून बघत राहिला. काही नाही. पाचवं, सहावं. सातव्याची शेवटची दोरी आत्यानं सरळ केली तेव्हा पावणेबारा झाले होते. सात छत्र्या त्या मजल्यावर पसरल्या होत्या आणि हूक कशातच नव्हता.

खरं तर सुटका झाली असं वाटायला हवं. पण तिच्या लक्षात आलं, की आता ती खोटारडी नाही, निष्काळजी नाही, नुसती विनोदी आहे. रिकाम्या पिशव्यांसाठी तिनं देशाचं जहाज बुडवलं होतं.

हवाई विभागाचा कमांडर खाली आला. उंच, थकलेला माणूस. रात्रभर झोपला नसावा. "सापडला?"

"नाही, सर."

"म्हणजे तो कुठंतरी आहे, आणि कुठं ते आपल्याला माहीत नाही."

"हो, सर."

"सापडेपर्यंत तुमची सही बंद राहील, पेटी ऑफिसर. शिक्षा म्हणून नव्हे. माझी स्वतःची सही असती तरी मी हेच केलं असतं."

"मीही, सर," आत्या म्हणाली.

पिशव्या पुन्हा भरायचं काम जहाजावरच्या दोघा खलाशांनी घेतलं. आत्याला तिच्याच छत्र्यांना हात लावायची मुभा नव्हती. बारा वर्षांत पहिल्यांदाच ती टेबलासमोर हात मांडीवर ठेवून बसली. भरून झालेली पहिली दोन पॅराशूट दोन विमानांना दिली आणि दोनला उड्डाण सुरू झालं. कुणीतरी दया येऊन तिला वरच्या सज्जात उभं केलं.

हा भाग सांगताना आत्याचा आवाज बदलतो. एरवी ती हवामानखात्यासारखं बोलते.

डेक म्हणजे लांबी-रुंदीनं फार तर आमच्या शाळेचं मैदान, त्यातही अर्ध्यावर विमानं लावलेली. वारा असा की टोपी हातात धरावी लागते. पिवळे, हिरवे, तांबडे सदरे घातलेली पोरं कुणाशी एक शब्द न बोलता हाताच्या खुणांवर धावतायत; बोलून उपयोगही नाही, इंजिनापुढे स्वतःचं ओरडणं स्वतःला ऐकू येत नाही. प्रत्येकाचं एकच काम, आणि त्या एका कामावर दुसऱ्याचा जीव. डेकखाली वाफेची गोफण ताणलेली. एक माणूस गुडघ्यावर बसतो, हात पुढे करतो, आणि उभं असलेलं विमान उभं नसतंच. समुद्रावर एक ठिपका. डेकच्या टोकाशी नुसती वाफ.

"आणि उतरतं कसं माहितेय?" ती दरवेळी मला विचारते, मला माहीत असूनही, आणि शेवटचं वाक्य बाबांना ऐकवते. "शेपटाला आकडा. डेकवर आडव्या तारा. त्या आकड्यात तार सापडली तर घर, नाहीतर परत वर. हलणाऱ्या जमिनीवर. आणि हे रोज, आणि पगार गिरणीपेक्षा फार जास्त नाही, क्लाइव्ह."

दोन्ही विमानं वर चढल्यावर तिनं खाली समुद्राकडे बघितलं. बिलगून चाललेल्या विनाशिका एकेक करून सुटल्या. पाण्यावर पांढऱ्या रेघा ओढत त्या चारी दिशांना पांगल्या, शेवटची तर क्षितिजाशी गेली. कुणी हुकूम दिलेला तिला ऐकू आला नाही. जणू सगळ्या आरमारानं एकदम श्वास सोडला. टेबलावर मीठदाण्या हलवून जे ती बाबांना सांगत होती ते अर्ध्या तासात तिच्या डोळ्यांपुढे घडलं, आणि ते कालपासून तिच्या एका फोनावर अडून राहिलं होतं.

पावणेदोनऐवजी हेलिकॉप्टर पावणेतीनला निघालं. आत्या निघताना कुणी निरोप दिला नाही. सगळे कामात होते.

मग सोळा दिवस ती शिलाईच्या कोपऱ्यात बसून रबरी तराफ्यांना ठिगळं लावत होती. तळावरच्या खानावळीत कुणीतरी तिच्या ताटाशेजारी कागदाची नाव ठेवी. नावेवर न्यूझीलंडचा झेंडा. गावात बाबांना गिरणीतले लोक विचारत, "काय रे, बहिणीनं आज काय बुडवलं?" बाबांनी एकाचं नाक फोडलं आणि एक दिवसाचा पगार घालवला. जहाजाविषयी वाईट ते स्वतः बोलत. बहिणीविषयी दुसऱ्यानं बोललेलं त्यांना चालत नसे. आणि गॅरिटी? गॅरिटी रोज सकाळी फळीवरच्या त्या लाल हुकासमोर उभा राहून म्हणायचा, "तीस वर्षं, ट्रँटर. तीस वर्षांत एक टाचणी हरवली नव्हती." आत्या मान खाली घालून ठिगळ लावायची. सही परत मिळाली नाही तर नोकरी सोडायची, हे तिनं मनाशी ठरवलं होतं. दुसऱ्याच्या सहीखाली घड्या घालणं तिला जमणार नव्हतं. महिनाअखेरीला अर्ज द्यायचा होता.

सराव संपला, विमानं टेकडीवर परतली. शुक्रवारी दुपारी पॅराशूटच्या खोलीच्या दाराशी सात माणसं येऊन उभी राहिली. प्रत्येकाच्या हातात एकेक रमची बाटली. खोलीत बाटली चालत नाही, म्हणून हॅलोरननं उंबऱ्याबाहेरूनच हाक मारली.

"नॉर्मन!"

आत्या बाहेर आली. "काय आहे, सर?"

"पद्धत माहितेय ना?"

"तुमच्यापैकी कुणी उडी टाकलीत?"

"कुणीच नाही."

"मग माझा काय संबंध? शिवाय मी पीत नाही."

"पिऊ नका. ठेवा." हॅलोरनच्या तोंडावर एरवीचं हसू नव्हतं. "चांगल्या छत्रीनं वाचवलं की बाटली द्यायची, मग वाईट छत्रीपासून वाचवलं तरी द्यायची. आम्ही सातजण त्या दिवशी विमानात बसलो होतो. इंजिनं चालू होती. तुम्ही फोन करायला लावलात. छत्रीत हूक नव्हता हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं का?"

"नाही."

"मग झालं तर."

सात बाटल्या ओसरीच्या कठड्यावर ओळीनं लागल्या. गॅरिटी खोलीच्या आतून बघत होता. दातातला पाइप त्यानं काढून हातात घेतला, एवढंच.

पुढचं डोरीनबाईंनी सांगितलेलं. शनिवारी त्यांनी नवऱ्याचा डफलकोट धुवायला काढला. उजव्या खिशाचं अस्तर फाटलं होतं, आणि कोटाच्या खालच्या कडेशी काहीतरी टोचत होतं. त्यांनी शिवण उसवली. लाकडी मूठ, पोलादी टोक. टोकाला काळी तंबाखू.

गॅरिटी स्वयंपाकघराच्या टेबलाशी हूक समोर ठेवून बसला. हळूहळू त्याला आठवलं. त्या गुरुवारी, नववं पॅराशूट झाल्यावर, पाइप तुंबला होता. जाता जाता त्यानं आत्याच्या टेबलावरून हूक उचलला, ओसरीत नेऊन नळी कोरली. तेवढ्यात फोन वाजला. हूक खिशात.

मग त्यानं विचारलं, "डोरीन, पुलाखाली नदी किती खोल असेल?"

"तुझा पाइप बुडेल एवढी आहे," त्या म्हणाल्या. "हूक बुडेल एवढी नाही."

सोमवारी सकाळच्या हजेरीला सगळा विभाग ओळीत उभा होता. गॅरिटी कोटाशिवाय आला. थंडी चांगलीच होती. तो सरळ आत्याच्या फळीपाशी गेला आणि त्यानं हूक लाल आकृतीवर टांगला. नेमका बसला.

"मी घेतला होता," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पाइप साफ करायला. हातानं घेतला, मन जागेवर नव्हतं. ट्रँटरच्या नऊ टिका खऱ्या होत्या."

ओळीत कुणीतरी खोकलं. गॅरिटी तसाच वळून कमांडरकडे गेला आणि स्वतःची सही बंद करून आला. मागून घेतली त्यानं ती शिक्षा, सहा महिन्यांची. नियम असा की ज्याची सही बंद, त्याच्या कामावर दुसऱ्या सहीवाल्याची सही लागते. विभागात तशी मोकळी माणसं दोनच होती. एक रजेवर होतं.

दुपारपर्यंत आत्याच्या नावाचा कागद सुटून आला. व्हिस्कीची बाटली तिला गॅरिटीनं नंतर, घरी येऊन दिली. उंबऱ्यावर ठेवली, घंटा वाजवली आणि निघून गेला.

आत्यानं अर्ज फाडला. पुढं आणखी चार वर्षं तिनं घड्या घातल्या. ते जहाज मात्र दोन वर्षांनी निवृत्त झालं, आणि दुसरं आलं नाही. बाबा अजून म्हणतात, बघ, ग्रेव्हीवाचून देश जेवतोच आहे. आत्या म्हणते, जेवतोय, पण ताटाच्या आत. हा वाद कुणी जिंकणार नाही. मी दोघांच्या मध्ये बसून मटण खातो.

पण त्या सोमवारी दुपारी काय झालं ते सांगून थांबतो. गॅरिटीनं एक पॅराशूट बांधलं, तीस वर्षांच्या हातानं, सुरेख. मोहर केली. वहीत टिक केली. वही आत्यापुढे सरकवली, सहीसाठी.

आत्यानं पेन उचललं नाही. "चीफ, हत्यारं मोजलीत?"

"टिक केलीय ना."

"दिसतेय ती."

गॅरिटीनं तिच्याकडे बघितलं. मग फळीकडे. खोलीतले सगळे हातातली कामं ठेवून ऐकत होते.

"मोठ्यानं मोजा," आत्या म्हणाली.

आणि चीफ गॅरिटी फळीसमोर उभा राहून, एकेका हत्याराला बोट लावत, मोठ्यानं मोजू लागला.